कोरड्या तलावातली सायकल

मे महिना सरत आला की आमच्या चंद्रपूरच्या घरी वर्तमानपत्रातून रंगीत कागद गळायला लागतात. चित्रकला, पोहणे, गिटार, अक्षर सुधारा, व्यक्तिमत्त्व विकास. खाली बारीक अक्षरात वयोगट: सहा ते चौदा. साठी ओलांडलेली मी चष्मा लावून ते कागद अथपासून इतिपर्यंत वाचते आणि त्या शेवटच्या ओळीवर दरवर्षी चिडते. चौदाच्या पुढच्यांनी काय पाप केलंय? बाहेर नवतपा चालू असतो, रोहिणीतले ते नऊ दिवस, ज्यांत आमच्याकडचं ऊन कोणाचीही भीड ठेवत नाही. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास घरभर पसरतो, आणि मग माझं घरात लक्ष राहत नाही. मी पोंभुर्ण्याकडच्या आमच्या खेड्यात पोचते, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात.

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तिकडचे नातेवाईक पत्रावर अजून चंद्रपूरच लिहीत. गावात तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपलेला. पानं तोडून, जुळवून, पुडे बांधून बायांच्या बोटांवर काळपट डाग पडलेले, आणि ते डाग पावसाळा लागेपर्यंत जात नसत. मोह वेचून झालेला, आंबे उतरवून झालेले, पावसाला अजून पंधरा दिवस अवकाश. शेतात काम नाही, रानात काम नाही. त्या रिकाम्या पंधरवड्यात आमचं सगळं गाव शिकायला बसायचं.

ही खोड लावली आमच्या ह्यांनी. हे गावच्याच शाळेत मास्तर होते आणि रिकामा माणूस दिसला की त्याला काहीतरी शिकवावं असं त्यांना वाटे. सकाळी शाळेच्या लिंबाखाली पोरांचं शुद्धलेखन. दुपारी बुद्धविहारात शिवणवर्ग. मशीन एक आणि शिकणाऱ्या चौदा, त्यामुळं शिवणापेक्षा गप्पा जास्त शिवल्या जात. बुरडाच्या अंगणात बांबूचं काम. तिथला सगळ्यात मोठा विद्यार्थी सत्तरीचा आणि सगळ्यात धाकटा सात वर्षांचा होता, आणि बोटं दोघांचीही सारखीच कापायची. उन्हं कलली की म्हाताऱ्यांची बाराखडी, आणि त्यानंतर पेटी. पेटी शिकणाऱ्यांत तीन आजोबा होते. तिघांना मिळून एकच गाणं येत असे आणि ते तिघं ते वेगवेगळ्या वेगानं वाजवत. मी माहेरी चंद्रपुरात वाढलेली, मला वाटलं होतं खेड्यात करमणार नाही. पण इतकं हसणं मी शहरात कधी ऐकलं नव्हतं.

माझे सासरे, मामाजी, गावचे कोतवाल होते. खांद्यावर पट्टा टाकून थाळी वाजवत ते गल्लीगल्लीतून दवंडी द्यायचे. सरकारी दवंडी ते एका सुरात, कंटाळल्यासारखी देत. या वर्गांची मात्र रंगवून देत. "उद्यापासून विहारात शिवणक्लास हाय. शाळेत बाराखडी हाय. वयाची अट नाई, लाजाची गरज नाई." शेवटचं वाक्य ह्यांनी लिहून दिलेलं नव्हतं, ते मामाजींचं स्वतःचं होतं. मला ते फार आवडायचं. आजही त्या रंगीत कागदांवर मी ते मनातल्या मनात छापून टाकते.

त्या वर्षी एक वर्ग मात्र कोणी न ठरवता सुरू झाला, आणि त्याला कारण माझी मोठी जाऊ, सुलोचनाबाई. बाई तेहेतिशीच्या. भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, बल्लारपूरला कामाला, पंधरवड्यानं घरी येत. बाई सातवी पास होत्या, आणि ते प्रमाणपत्र त्यांनी कपड्यांच्या पेटीत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलेलं होतं. आमच्या गावापासून पाच मैलांवर जंगलात गोंडांचा एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, होता. तिथं बालवाडी मंजूर झालेली, पण टोल्यात सातवी पास कोणीच नाही. आधी नेमलेली बाई दोन दिवस गेली आणि तिसऱ्या दिवशी तिचे पाय दुखले ते कायमचेच. म्हणून पंचायतीत पुन्हा निवड ठेवली होती. बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी बाईंना एकच विचारलं, "रोज जाणार कशा?"

बाई म्हणाल्या, "सायकलनं."

तेवढ्यावर निवड झाली. मॅडमनी बजावलं की जूनच्या पहिल्या सोमवारी त्या स्वतः टोल्यावर येणार, आणि दहाच्या आत बाई आपल्या आपण तिथं पोचल्या नाहीत तर बालवाडी दुसऱ्या गावाला देणार. बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या, दोन पेले पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "मंदा, तुले सायकल येते ना वो?"

मी शाळेत सायकलनं जात असे. पण नव्या सुनेनं हे कुठं बोलायचं? ह्यांनीच कधीतरी घरात सांगून ठेवलं असणार. "येते. पण तुम्हाला?"

"मले कुठी येते? म्या सायकलले हातबी नाई लावला कधी."

"मग खोटं काऊन बोललात?" दोन महिन्यांत मला काऊन म्हणायची सवय लागली होती.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "सातवी पास होऊन अठरा वर्सं झाली, मंदा. त्या सातवीचा मले एक दिवस उपयोग नाई झाला. त्या बाईनं विचारलं, तं तोंडातून निघून गेलं. आता तूच पाय काय कराचं ते."

हातात अठरा दिवस होते. एका वर्षाला एक दिवस, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले. विशीच्या वयात माणसाला असलं काहीबाही सुचतं.

मामाजींना सांगावंच लागलं. त्यांनी आधी विडी पेटवली. मला वाटलं, आता दोघींचं काही खरं नाही. मग म्हणाले, "गावात नाई. लोक हासतीन. तलावात शिका."

नवतप्यात आमचा तलाव म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं मोकळं मैदान. आंगठ्याएवढ्या भेगा पडलेला गाळ लोकांनी गाड्या भरून शेतात नेलेला, त्याखालची जमीन घट्ट आणि सपाट. तुडुमाजवळ, जिथून पाणी सोडतात तिथं, एक डबकं उरलेलं आणि त्यात पाटलाच्या दोन म्हशी. मधोमध सागाचा जुना खांब. तलाव बांधला तेव्हा पूजा करून रोवला होता म्हणतात. एरवी त्याचं टोकच पाण्यावर दिसे, उन्हाळ्यात तो सगळाच्या सगळा उघडा पडायचा. पहाटेचा वारा गार असे आणि त्या वाऱ्याला सुकलेल्या शेवाळाचा, मासोळीचा वास असे. तो वास मला अजूनही कुठं आला तर पायांना पायडल मारावंसं वाटतं.

तलावाची राखण मामाजींकडंच, म्हणून त्यांचा हुकूम चालायचा. हुकूम एकच. "खांबाभोवती फिराचं तं उजव्या अंगानं फिराचं. डावी फेरी मढ्याले घालतेत."

आता मामाजी म्हणजे छप्पन्न साली दीक्षा घेतलेला माणूस. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं पाटीत घालून याच तलावात नेऊन सोडले होते, आणि ती गोष्ट ते अभिमानानं सांगत. देव सोडले, फेरीची दिशा मात्र सोडवली नाही. ह्यांनी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "स्तूपालेबी उजव्या अंगानंच फिरतेत, मास्तर. पुस्तकात वाचून पाय." पुस्तकात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि बाई चोरासारख्या तलावात उतरलो. ह्यांची सायकल पुरुषी, दांड्याची. पाचवारीत टांग टाकता येईना. बाईंनी सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं काढून काष्टा घातला आणि खांबाजवळच्या दगडावर पाय देऊन बसल्या एकदाच्या. मी मागून कॅरिअर धरलं. दहा पावलं गेलो नाही तोच पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, थाळी ऐकू आली.

"ज्या कोणाले सायकल शिकाची असन त्यानं तलावात यावं. वयाची अट नाई, लाजाची गरज नाई."

आम्हाला जे लपवायचं होतं ते मामाजींनी अख्ख्या गावाला सांगून टाकलं. त्यांना वाटलं, वर्ग म्हटला की दवंडी आलीच. बाई हँडल सोडून हसायला लागल्या आणि आम्ही दोघी सायकलसकट आडव्या.

तिसऱ्या दिवसापासून तलावात जत्रा भरली. पाच सायकली जमल्या. पोरं दांड्याखालून पाय घालून कैची चालवायची, पोरी त्यांच्याकडून शिकायच्या, आणि नऊवारीवाल्या म्हाताऱ्या, ज्यांना काष्ट्यामुळं टांग टाकणं सोपं जायचं, त्या पाचवारीवाल्या सुनांना हसायच्या. पेटी शिकणारे आजोबा पाळीवर बसून कोण किती वेळा पडलं ते ओरडून सांगायचे. एक जण पेटी घेऊनच आला. सगळ्यांची फेरी उजवीकडून, खांबाभोवती, एकामागोमाग एक. पडणारीला उचलायला दहा हात. कोणाच्या घरची आहे, कोणत्या मोहल्ल्यातली आहे, हे बघत बसायला वेळच नसायचा, कारण मागून पुढची येत असायची. वाड्याचा उंबरा ज्या बाईनं आमच्यासाठी कधी ओलांडला नव्हता, त्या पाटलीणबाईंचं ढोपर मी माझ्या हातानं धुतलं आहे. मला त्या सकाळींचं अजूनही कौतुक वाटतं, आणि ते सांगायला मी लाजत नाही.

उन्हं चढली की सगळे पांगत. मग चिंचेखाली आंबील, कांदा, कोणी आणलेली टेंभरं, तेंदूची फळं. गोड, चिकट, आतून पिवळी. बाई खाता खाता गुडघ्यावरचे ओरखडे मोजायच्या आणि म्हणायच्या, "आज दोनच. आता येऊन राह्यली मले." बाराव्या दिवशी मी कॅरिअर सोडलं आणि सांगितलंच नाही. खांबाला पुरती फेरी मारून त्या माझ्यासमोरून गेल्या तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मी जपून ठेवलंय.

मी शिकवणारी, पण दोन गोष्टी माझ्या लक्षातच आल्या नाहीत. एक म्हणजे बाई दगडावर पाय देऊन चढतात आणि कोणीतरी धरलं की उतरतात. दुसरी मोठी. पण तिचा पत्ता मला टोल्यावर उभी असताना लागला.

तो सोमवार. रस्त्याला त्या वर्षी अस्वलांचा वावर होता, टेंभरांसाठी येत. सायकलला अस्वल गाठत नाही असा गावाचा ठाम समज. खरा की खोटा ते अस्वलालाच माहीत. मी पहाटेच मोहाच्या बिया वेचायला जाणाऱ्या बायांच्या घोळक्यासोबत पुढं निघाले, पाटी-खडू आणि खेळणी डोक्यावर घेऊन. बाई मागून एकट्या येणार, असं मॅडमच्या शब्दाखातर ठरलेलं. टोल्यावर जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. शेणानं सारवलेली जमीन अजून ओली होती. पोरं आंघोळ करून, तेल लावून, भिंतीला टेकून ओळीनं बसलेली. मॅडम जीपनं आल्या आणि हजेरीचं नवं पुस्तक मांडीवर उघडून बसल्या. टोल्याच्या वतीनं बोलायला सोमारीमाय होत्या, सगळ्यांत वयस्क, अंगभर गोंदलेल्या.

मी रस्त्याकडं बघत होते. सरळ रस्ता पुढं पोंभुर्ण्याला जातो. दोन वावरांपलीकडं एक भला मोठा मोह, तिथून, गावाकडून येताना, टोल्याची वाट फुटते. डावीकडं. पहाटे घोळक्यासोबत वळताना जे सुचलं नव्हतं ते आता सुचलं. अठरा दिवसांत बाई एकदाही डावीकडं वळल्या नव्हत्या. त्याच काय, आमच्या अख्ख्या तलावात एकही बाई डावीकडं वळलेली नव्हती.

दहाला थोडा अवकाश होता. वळणावर लुगड्याचा जांभळा ठिपका दिसला. ताठ, घंटी वाजवत येणारा. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "त्याच ना?"

"हो," मी म्हटलं. त्या मोहाशी पोचल्या. हँडल डावीकडं जरासं हललं, सायकल डगमगली, परत सरळ झाली. मग बाईंनी जे येत होतं ते केलं. उजवीकडं वळल्या. मोहाला उजव्या हाताला घेऊन पुरी फेरी मारली, म्हणजे फिरून तोंड आमच्या वाटेकडं येईल. हिशोब बरोबर होता, पण वेग जास्त झाला आणि वाट हुकली. दुसरी फेरी. तीही हुकली. तिसऱ्या फेरीला मोहाच्या बुंध्याजवळून त्या थेट आमच्या वाटेवर निघाल्या, आणि मी श्वास सोडला.

टोल्यातल्या बाया मात्र एकदम गप्प झाल्या होत्या. पोरंसुद्धा. त्या मोहाखाली त्यांच्या देवाचं ठाणं होतं. सोमारीमाय काठी टेकत वाटेवर गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या सायकलचं हँडल त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. बाई उतरल्या म्हणजे सोमारीमायच्या अंगावर आल्या.

"जोहार, माय," बाई म्हणाल्या.

"जोहार. बाई, तू आमच्या देवाले तीन उलट्या फेऱ्या मारल्या."

"उलट्या कशा? उजव्या अंगानं मारल्या म्या."

"थेच त उलटी. आमच्यात डाव्या अंगानं फिरतेत. लग्नातबी, पूजेतबी." कुंपणावर चढलेली वेल त्यांनी काठीनं दाखवली. "पाय, हे कोणीकडून चढली? तुमच्या खळ्यावर मळणीचे बैल कोणीकडून फिरतेत?"

लग्न होऊन आले तेव्हा गव्हाची मळणी चालू होती, ते खळं मी डोळ्यांसमोर आणलं. मामाजींचे बैल डावीकडूनच फिरत होते. मामाजी स्वतः त्यांच्या मागं डावीकडून फिरत होते. आमच्यातल्या कोणाच्याही ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाईंचा चेहरा उतरला होता. मॅडम ऐकत होत्या. इथं दुसरी कोणी असती तर काहीतरी सारवासारव केली असती. बाई म्हणाल्या, "माय, मले दुसऱ्या अंगानं येतच नाई. सायकलच म्या अठरा दिवसांआंधी धरली. मॅडमले म्या खोटं सांगतलं होतं."

मांडवाच्या डहाळ्या सुकायला लागल्या होत्या, त्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मॅडमच्या हातातली पेन्सिल पुस्तकावर टेकलेली. मला रडू यायला लागलं होतं, आणि शिकवणारी मी असल्यामुळं राग स्वतःचाच येत होता.

सोमारीमायनी सायकल मोहाकडं वळवली. "तीन उलट्या मारल्या, आता तीन सुलट्या मार. फिटलं." मग गोंडीत मागं वळून काहीतरी म्हणाल्या, आणि चार बाया हसत पुढं आल्या. दोघींनी सीट धरली, दोघींनी कॅरिअर. बाई चढल्या.

पहिली फेरी सायकलनं मारली की त्या चौघींनी, सांगता येणार नाही. बाईंचं सगळं अंग उजवीकडं झुकलेलं, आणि सोमारीमाय हँडल डावीकडं ओढत मोहाभोवती म्हातारपणी पळत होत्या. दुसऱ्या फेरीला सायकल एकदा आडवी झाली. "काई नाई, काई नाई," म्हणून बायांनी दोघींना उचललं, बाईंना आणि सोमारीमायना. तिसऱ्या फेरीला मध्येच कधीतरी सोमारीमायनी हँडल सोडलेलं मी बघितलं. मग सीट सोडली. मग कॅरिअर.

बाई एकट्या डावीकडं वळत होत्या. आधी अंग चोरून, मग मोकळ्या. फेरी पुरी झाली आणि त्या थांबल्या नाहीत. चौथी घेतली. भिंतीला टेकलेल्या पोरांतलं एक उठलं आणि सायकलमागं धावलं. मग दुसरं. मग ओळीतलं कोणी उरलंच नाही. तेल लावलेली ती सगळी डोकी उन्हात चमकत मोहाभोवती पळत होती, आणि बाई घंटी वाजवत होत्या.

"तीनच सांगतल्या होत्या," एक बाई म्हणाली.

"फिरू दे," सोमारीमाय म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती आणि त्या हसत होत्या.

मॅडमनी घड्याळ बघितलं. मग पेन्सिलीचं टोक हवेत हलवत धावणारी पोरं मोजली, चुकल्या, परत पहिल्यापासून मोजली आणि आकडा लिहिला. मी पुस्तकात डोकावले. वर बाईंचं पूर्ण नाव होतं, सातवी पास असंही लिहिलेलं होतं, आणि त्यापुढचा चौकोन रिकामा होता. मॅडमनी एकदा मोहाकडं पाहिलं आणि त्या चौकोनात लिहिलं: हजर. बाईंचा पाय अजून जमिनीला लागला नव्हता.